डावी कूस

१

ढब. ढब. ढब.

फुगलेल्या बैलाच्या डाव्या कुशीवर टिचकी मारली की असा आवाज येतो. पोकळ, डफावर बोट पडल्यासारखा. माझे वडील, त्यांना आम्ही बापू म्हणायचो, तीनच टिचक्या मारायचे. पहिली वर, बरगडी संपते तिथे. दुसरी मध्ये. तिसरी खाली. तिसरी मारल्यावर हात तिथेच ठेवून थोडा वेळ उभे राहायचे. वाजलं तर वारा, नाही वाजलं तर वारा नाही, दुसरंच काही, एवढंच त्यांनी मला शिकवलं.

तांड्यात कोणाचाही बैल फुगला की बापूंना बोलावणं यायचं. ते औषध पाजायची बांबूची नळी घेऊन जायचे, जवसाचं तेल आणि हिंग घेऊन जायचे. बैलाच्या पुढच्या पायांखाली विटा रचून छाती उंच करायचे, म्हणजे वारा वर येतो. तोंडात कडुनिंबाची काडी लगामासारखी आडवी बांधायचे. बैल ती मधोमध चावत राहतो, तोंड उघडं राहतं, ढेकर निघतो.

बापू माणसांशी आमच्या बंजाऱ्यांच्या गोरबोलीत बोलायचे आणि बैलांशी मराठीत. बैल दारव्ह्याच्या बाजारातला, त्याला आपली बोली कशी कळणार, म्हणायचे. तिसऱ्या टिचकीनंतर जनावर वाचणार असेल तर ते एकच शब्द बोलायचे. "उठते." मग त्याच्यापाशी बसून राहायचे. वाचणार नसेल तर काहीच बोलायचे नाहीत. नळी भिंतीला टेकवून ठेवायचे आणि चालायला लागायचे. मालक समजून जायचा. मागून कोणी विचारत नसे.

आमचा पाखऱ्या बैल फुगला तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो. दवानं भिजलेला हरभरा त्यानं पोटभर खाल्ला होता. घरातलं तेल संपलं होतं म्हणून बापू शेजारच्या तांड्यावर गेले. जाताना मला म्हणाले, मी येईपर्यंत ह्याला बसू देऊ नको. बसंतीशी माझं लग्न होऊन चार महिने झाले होते. ती कंदील धरून उभी राहिली. मी गव्हाणीला टेकलो आणि मला झोप लागली. डोळे उघडले तेव्हा पाखऱ्या आडवा होता, उजाडायला आलं होतं आणि बसंती तशीच कंदील धरून उभी होती. बापू वाकलेले होते. तीन टिचक्या मी ऐकल्या. मग त्यांनी नळी भिंतीला टेकवली आणि निघून गेले.

मरेपर्यंत मला ते कधी रागावले नाहीत. बसंतीने मला जागं का केलं नाही, हे मीही तिला कधी विचारलं नाही. झोपला होता, झोपू दिलं, असंच ती म्हणाली असती.

२

आता मी बहात्तर वर्षांचा आहे आणि फुगतं ते माझं पोट.

रात्री दीड-दोनला जाग येते. आधी वाटतं कोणी हाक मारली. मग कळतं, पोट आहे. बरगड्यांखालचं कातडं ताणून बांधल्यासारखं होतं. श्वास वरच्यावर राहतो. ढेकर गळ्यापाशी येतो आणि परत जातो. पडवत नाही, बसवत नाही. मग मी अंगणात फेऱ्या मारतो. दारापासून गोठ्यापर्यंत बावीस पावलं. गोठा रिकामा आहे. नांगरणीला ट्रॅक्टर येतो, बैल कधीच गेले, आणि गव्हाणीत सुनेनं सरपण भरलं आहे.

मी कितीही हळू उठलो तरी बसंतीला कळायचं. ती चुलीवर पाणी ऊन करायची, ओवा आणि काळं मीठ टाकून द्यायची. हिंग उगाळून माझ्या बेंबीभोवती लावायची.

"झोप तू," मी म्हणायचो.

"तुमी झोपू देता का? बैल इकून बारा वर्सं झाले, तरी रातभर गोठ्याची राखन चालू हाय."

"पोट ऐकत नाही."

"पोटाले सांगा, मालकीन म्हातारी झाली म्हना."

ती हसायची. पण ती वाळत चालली होती. गालाची हाडं वर आली. बांगड्या मनगटावरून निसटून कोपराकडे जायला लागल्या. दुपारी निवडायला घेतलेलं तांदळाचं सूप मांडीवर तसंच राहायचं आणि ती बसल्या बसल्या डुलक्या घ्यायची. माझ्यामुळे तिची झोप जाते आणि झोप जाते म्हणून ती वाळते, असा हिशोब मी मनाशी पक्का धरला होता.

बबिता, माझी सून, तोंडाची तिखट पण मायाळू आहे. एकदा भाकरी थापता थापता म्हणाली, "मामाजी, तुमच्या ढेकराले नेमसिंगकाकाचं कुत्रं उत्तर देते. तुमचं पोट तुमाले काई करनार नाई. आत्याबाईचा मातर जीव घेते ते."

ती गमतीनं बोलली. मी दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जायला तयार झालो.

३

माझा मुलगा भारत दारव्हा ते यवतमाळ काळीपिवळी जीप चालवतो. त्यानं आम्हा दोघांना पुढच्या सीटवर बसवलं. दारव्ह्याच्या डॉक्टरीणबाई वयानं लहान होत्या, पण माझं सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मी हळू बोलतो. मला मध्येच तोडत नाही असा माणूस कमी भेटतो.

त्यांनी पोट दाबून पाहिलं, गोळ्या लिहिल्या. म्हणाल्या, "जेवण सातच्या आत. रात्री तुरीची डाळ बंद. जेवल्यावर शंभर पावलं चाला. खाटेच्या उशाकडच्या पायांखाली दोन दोन विटा ठेवा. आणि झोपताना डाव्या कुशीवर झोपा, बाबा."

डावी कूस म्हटल्यावर मला हसू आलं. आमच्या घरात डावी कूस म्हणजे बैलाची.

"आणि आजी, तुमचं काय?" त्यांनी विचारलं.

"माह्यं काई नाई. यायलेच पाहा तुमी," बसंती म्हणाली आणि पदर पोटावर नीट ओढून घेतला.

मी तो पदर पाहिला होता. हे लिहितो कारण खरं आहे.

४

आमच्या खोलीत दोन खाटा आहेत. माझी भिंतीला लागून, तिची दाराच्या बाजूला. मध्ये एक माणूस उभा राहील एवढी जागा. पन्नास वर्षं मी उजव्या कुशीवर, तिच्याकडे तोंड करून झोपलो. आता डॉक्टरीणबाईंच्या सांगण्यावरून भिंतीकडे तोंड करून झोपू लागलो. बबिताने आणि भारतनं मिळून माझ्या खाटेखाली विटा लावल्या.

आठ-दहा दिवसांत फरक पडला. पोट फुगायचं, पण कमी. जाग यायची, पण उठावं लागत नव्हतं. मी भिंतीकडे पाहत पडून राहायचो. पंख्याचं कुरकुरणं, पत्र्यावर मांजराची चाल, लांब रस्त्यावर एखादा ट्रक. बसंती मागे शांत असायची. तिला झोप मिळते आहे, या समाधानात माझाही डोळा लागायचा.

अशाच एका रात्री, झोपेच्या काठावर, मला टिचक्या ऐकू आल्या. तीन. सावकाश.

मला काही वाटलं नाही. पोट फुगलं की मीही आपल्या पोटावर टिचकी मारून पाहतो, ती लहानपणची सवय आहे. माझाच हात चालतो आहे, असं धरून मी झोपलो. सकाळी आठवलं की हात गालाखाली होता. दोन्ही हात. उठलो तेव्हा बोटांना मुंग्या आलेल्या होत्या.

पुढच्या रात्रीही तेच झालं. मी जागा राहून ऐकलं आणि पोटावर हात ठेवून पाहिलं. माझं पोट मऊ होतं. आवाज पुन्हा आला नाही. खिडकीच्या फळीवर पाल आपटली असेल, म्हटलं. पाल तीनदा आपटते का, याचा विचार करत उजाडलं.

माझं पोट बरं झालं. मग बसंतीचं अंग भरायला हवं होतं. ते भरत नव्हतं.

५

एका सकाळी उठताना डोकं जड वाटलं, जणू उतारावर निजलो होतो. खाली वाकून पाहिलं. माझ्या खाटेखाली विटा नव्हत्या. त्या बसंतीच्या खाटेखाली होत्या. उशाकडच्या दोन्ही पायांखाली, दोन दोन, नीट रचलेल्या.

बबिताला विचारलं.

"मी कायले काढू? झाडतानी मले तुमची खाट हालत नाई, अन् आत्याबाई झोपेल असतानी त्यायची उचलू का?"

तेही खरं होतं. बसंती खाटेवर असताना खाट उचलून विटा सारायला दोन माणसं लागतील. तिला विचारलं तर म्हणाली, "मले तर बरं वाटलं. उशी उंच झाली, दम नाई लागला."

"दम लागतो तुला?"

"जरासा. म्हाताऱ्या मानसाले लागनार नाई तर कोनाले लागन?"

भारतनं विटा माझ्याकडे परत लावल्या. तिसऱ्या दिवशी त्या पुन्हा तिच्या खाटेखाली होत्या. मग मी म्हटलं, राहू दे. माझं पोट तसंही बरं आहे. भारतला वाटलं मी हलवल्या, मला वाटलं त्यानं आईसाठी हलवल्या असतील आणि लाजून सांगत नाही. घरात अशा गोष्टी होतात.

६

मग काडी सापडली.

बसंतीचं अंथरूण मी उन्हात टाकत होतो. तिच्यानं आता गोधडी उचलवत नव्हती. उशीखालून कडुनिंबाची काडी पडली. ओली, बोटभर जाड, वीतभर लांब. आमच्या घरात आता सगळे पेस्टनं दात घासतात. मला वाटलं तिला जुनी आठवण आली असेल. पण दातणाची काडी टोकाला चावतात. ही मधोमध चावलेली होती. दोन्ही टोकं साबूत होती आणि त्यांवर दोरीनं आवळल्यासारखा वळ होता.

मी ती गोठ्यामागे दूर टाकली आणि हात धुतले.

संध्याकाळी ती भाकरीचा तुकडा ताटात फिरवत बसली होती.

"खात काहून नाई आत्याबाई?" बबिता म्हणाली.

"तोंड कडू पडलं, बाई. रोज सकाळी कडूच रायते. अन् दोन घास खाल्ले का पोट भरते."

"तुमाले बी मामाजीचं वारं लागलं."

"हो ना. त्यायनं आपलं माह्याकडं पाठवलं," बसंती म्हणाली. सगळे हसले. मीही हसलो.

झोपताना दिवा घालवल्यावर ती हळूच म्हणाली, "एक सांगू का? तुमी रात्री टिचक्या मारून पाहता ना माह्या पोटावर, ते पाहा. पन हात जरा ऊन करून येत जा. बरफासारका रायते."

मी भिंतीकडे तोंड करून पडलो होतो.

"बरं," मी म्हणालो.

"मले वाटलं होतं तुमाले सांगावं, पोटाचं. पन तुमी रोज पाहूनच रायले, म्हनलं माहीत हाय यायले."

"कधीपासून?"

"दिवाळीच्या आदीपासून. काहून?"

"काही नाही. झोप."

दिवाळीच्या आधी मी रोज रात्री अंगणात फेऱ्या मारत होतो. बावीस पावलं तिकडे, बावीस इकडे. तेव्हा खोलीत ती एकटी असायची.

७

माणूस झोपेत चालतो हे मी ऐकलं आहे. झोपेत उठून गाय पिळून येणारा एक जण मी पाहिला आहे. म्हणून मी ठरवलं की तो मीच असणार. विटा मी सारल्या, काडी मी तोडली, हात माझाच. म्हाताऱ्याचे हात थंड असतात. बापूंचं काम मी लहानपणापासून पाहिलं होतं. ते माझ्या हातात असेल आणि झोपेत बाहेर येत असेल.

हे पटलं म्हणून मला बरं वाटलं.

खात्री करायला गोठ्यातलं जुनं दावं आणलं. बसंती झोपल्यावर उजवं मनगट खाटेच्या पायाला बांधलं. बैलाची गाठ मारली, जी एका हातानं सुटत नाही. डावा हात अंगाखाली दाबून झोपलो.

सकाळी गाठ होती तशी होती. मनगटावर दाव्याचा वळ होता. मी ते दातानं आणि डाव्या हातानं सोडवत होतो, तोच बसंती जागी झाली. मी दावं पांघरुणात लपवलं.

ती छताकडे पाहत म्हणाली, "काल लय वेळ हात ठेवून उभे होते तुमी. काय पाहून रायलते एवढं?"

८

त्या दिवशी बबिता कापूस वेचायला गेल्यावर मी बसंतीजवळ बसलो.

"जरा पाहू दे मला. दिवसा."

"कायले? मी का बैल हाव?"

"पाहू दे."

तिनं पदर बाजूला केला. हात काटक्या झालेले, गळ्याचं हाड दिसत होतं आणि पोट मात्र सातव्या महिन्याचं. कातडी ताणून चकाकत होती. एवढं मोठं पोट तिनं लुगड्याच्या निऱ्यांत किती दिवस झाकलं, मला कळलं नाही. मी त्याच खोलीत होतो. भिंतीकडे तोंड करून होतो.

मी हात एकमेकांवर चोळून ऊन केले. वर टिचकी मारली. मध्ये मारली. खाली मारली.

वाजलं नाही. ओल्या मातीच्या ढिगावर बोट पडावं तसं. थप.

मग मला कळलं की रात्री मी जे ऐकत होतो ते ढब नव्हतं. पहिल्या रात्रीपासून थपच होतं. माझ्या पोटाचा आवाज वेगळा. आयुष्यभर ढब आणि थप एवढंच ओळखायला शिकलो होतो आणि रात्रीचा आवाज माझा नाही, हे मला ओळखता आलं नाही.

"काय म्हन्ते पोट?" बसंतीनं विचारलं.

"उद्या यवतमाळला जाऊ. सोनोग्राफी करू."

"तुमची?"

"तुझी."

ती माझे हात आपल्या हातात घेऊन म्हणाली, "आज ऊन हाय हात."

यवतमाळच्या डॉक्टरांनी पडद्यावर काळं-पांढरं काही दाखवलं. पोटात पाणी झालं आहे, म्हणाले. सुईनं थोडं काढलं, बाटलीत भरलं, तपासायला पाठवलं. पाणी कशानं झालं ते त्यावरून कळेल, रिपोर्ट सोमवारी मिळेल. औषधानं निघण्यासारखं असेल तर निघेल. नसेल तर मग बघू, म्हणाले. भारतनं परत येताना जीपमध्ये एकही सवारी घेतली नाही.

घरी आल्यावर बबिताने सासूसाठी साबुदाण्याची खीर केली. एकदाही टोमणा मारला नाही. तेव्हा मला जास्त भीती वाटली.

९

रविवारची रात्र.

मी कुणाला काही सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं काय होतं? विटा, काडी, थंड हात. भारत म्हणाला असता, बाबा, तुमची झोप कमी झाली. ते चूकही नव्हतं.

पण मनात मी दुसरा विचार करत होतो. विटा, काडी, उंच उशी हे सगळं उपचाराचं आहे. जो येतो तो वाईट करायला येत नाही. माझ्यासाठी नव्हे, तिच्यासाठी येतो, मी उठलो किंवा भिंतीकडे वळलो की रिकाम्या जागेत येतो. मला तिच्यापाशी जागं राहायचं होतं. पाखऱ्याच्या वेळीही मला जागंच राहायला सांगितलं होतं. आणि मला एक शब्द ऐकायचा होता. तो ऐकला तर सोमवारच्या कागदावर काय लिहिलं असेल त्याची मला पर्वा नव्हती.

मी उजव्या कुशीवर झोपलो. तिच्याकडे तोंड करून. कोपऱ्यात झिरोचा बल्ब होता. ती उताणी, उंच उशीवर, तोंड जरा उघडं. तिचा श्वास लहान होता, पण चालू होता. मी तो मोजत नव्हतो, नुसता ऐकत होतो.

बाराला लाईट गेली. पंखा थांबला. अंधाराची सवय व्हायला वेळ लागला. मग खिडकीतून थोडं चांदणं आलं. माझं पोट फुगायला लागलं होतं, बरगड्यांखाली ताण येत होता, पण मी हललो नाही. हललो तर अंगणात जावं लागेल, आणि अंगणात गेलो तर पुन्हा तेच.

दाराची कडी वाजली नाही. दोन खाटांच्या मध्ये एक माणूस उभा राहील एवढी जागा आहे, ती रिकामी नव्हती, एवढंच मला कळलं. गुडघ्यापर्यंत धोतर. पोटऱ्या मातीनं पांढऱ्या. पाठ माझ्याकडे. माझं डोकं उशीवर होतं, कंबरेच्या वर मला दिसलं नाही, आणि मी मान वर केली नाही. जवसाच्या तेलाचा वास आला. पाठीमागे धरलेल्या हातात बांबूची नळी होती. तिचं टोक माझ्या तोंडापासून हातभर अंतरावर होतं. टोकाशी तडा गेलेला, त्याला सुतळी गुंडाळलेली. ती सुतळी मी बावीस वर्षांचा असताना गुंडाळली होती.

थप.

बसंती झोपेत कण्हली.

थप.

मी तोंड उघडलं. आवाज निघाला नाही. पोटातला वारा छातीपर्यंत आला होता.

थप.

मग काही नाही. हात तिथेच असणार. मी वाट पाहिली. मराठीत म्हणतील, मी मनात म्हटलं. तिला दोन्ही बोली कळतात, कोणत्याही बोलीत म्हणा. वाट पाहिली. गोठ्याकडे कुठेतरी सरपणाचं एक लाकूड घरंगळलं.

"काय म्हन्ते पोट?" बसंतीनं विचारलं. डोळे मिटलेले होते. तिनं हात पुढे केला होता. तो माझ्याकडे नव्हता, आमच्या मध्ये जो उभा होता त्याच्याकडे होता.

त्यांनी नळी भिंतीला टेकवली. बांबू भिंतीला लागल्याचा लहानसा आवाज झाला.

तेव्हा माझा आवाज निघाला.

"उठते," मी म्हणालो. पुन्हा म्हणालो, जरा मोठ्यानं, दाराकडे तोंड करून. "उठते म्हन्ते, बसंती."

तिनं डोळे उघडले नाहीत. पण तिची मान सावकाश माझ्या आवाजाकडे वळली. पुढे केलेला हात तसाच हवेत राहिला.

उंबऱ्यात ते थांबले. पाठमोरे. माझं बोलणं ऐकून थांबले असावेत. बाहेर अंगण चांदण्यात पांढरं दिसत होतं आणि त्यांचा एक पाय त्या पांढऱ्यावर होता. आता मान वळवतील, आता होकार देतील, नुसतं हुं म्हणतील तरी चालेल.

ते तसेच थोडा वेळ उभे राहिले. मग दुसरा पायही उंबऱ्याबाहेर ठेवला, आणि काही न बोलता गोठ्याकडे निघून गेले.